पीसीसी अडकली २०२० च्या एका गुन्ह्यावर : एका ब्रदरचे प्रकरण

परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सिंगच्या मुलामुलींची कागदपत्रे मी गेली काही वर्षे बघतो. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे सगळे ज्याला पीसीसी म्हणतात ते, या सगळ्या कागदांत सोपे मानले जाते. फॉर्म भरा, ५०० रुपये भरा, तारीख घ्या, पासपोर्ट दाखवा. बहुतेकांचे तसेच होते. ज्याचे तसे झाले नाही अशा एका तरुणाचे हे प्रकरण त्याच्या संमतीने लिहितो आहे. त्याचे नाव, गाव, पोलीस ठाणे आणि दोन्ही रुग्णालये यांची ओळख काढून टाकली आहे. त्याला इथे फक्त 'अर्जदार' म्हटले आहे.

पार्श्वभूमी

अर्जदार सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. बी.एस्सी. नर्सिंग झालेला, पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून २०२० च्या ऑक्टोबरपासून कामाला. पासपोर्ट २०१८ सालचा, त्यावर गावचा पत्ता. २०२२ च्या डिसेंबरात ओईटीची इंग्रजीची परीक्षा पास झाला आणि २०२३ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या एका रुग्णालयाच्या मुलाखतीत निवडला गेला.

ब्रिटनच्या हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसासाठी आरोग्यसेवेतल्या उमेदवाराला गुन्हेगारी नोंदीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या १० वर्षांत, वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर, ज्या ज्या देशात १२ महिने किंवा जास्त काळ राहिला असाल त्या प्रत्येक देशाचा. अर्जदार भारताबाहेर कधी गेलेलाच नव्हता, त्यामुळे एकच दाखला पुरेसा होता.

सुरुवातीलाच दहा दिवस वाया गेले. त्याने राज्य पोलिसांच्या पोर्टलवरून चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरून टाकला होता. तो दाखला इथल्या नोकरीला, सोसायटीला, ठेकेदारीला चालतो. रुग्णालयाच्या यादीत मात्र पासपोर्ट कार्यालयाने दिलेली पीसीसी असे स्पष्ट लिहिले होते, आणि ती पासपोर्ट सेवा पोर्टलवरूनच मागावी लागते. दोन्हींना बोलताना लोक 'पोलीस व्हेरिफिकेशन'च म्हणतात, त्यामुळे ही गल्लत मला दर महिन्याला दिसते.

मग दुसरा अर्ज. पासपोर्ट सेवा केंद्रात तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळत होती. २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचे अर्ज घेतात, तिथे त्याच आठवड्यात जागा होती. ती घेतली.

पत्त्याच्या रकान्यावर घरात वाद झाला. मामा म्हणाले, "पासपोर्टवर गावचा पत्ता आहे ना, मग तोच टाक. उगाच दोन पत्ते कशाला?" अर्जदार मात्र दोन वर्षांहून जास्त काळ पुण्यात भाड्याने राहत होता. गावचा पत्ता दिला असता तर पडताळणी गावच्या ठाण्याकडे गेली असती, पोलीस घरी गेले असते आणि 'अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परतले असते. मी पुण्याचा पत्ता द्यायला लावला. सोबत नोंदणी केलेला भाडेकरार जोडला. हा निर्णय पुढे बरोबर ठरला, पण त्याने अडचण टळली नाही.

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: तुमच्याविरुद्ध भारतातल्या कोणत्याही न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित आहे का? अर्जदाराने 'नाही' वर खूण केली. विचार करायला तो क्षणभरही थांबला नाही. मीही त्याला थांबवले नाही.

अडचण

केंद्रावरचे काम तासाभरात आटोपले. आठवड्याने पुण्यातल्या ठाण्याच्या पासपोर्ट विभागातून फोन आला. पासपोर्टच्या झेरॉक्स, भाडेकरार, नोकरीचे पत्र घेऊन तो गेला. हवालदारांनी कागद बघितले, संगणकावर नाव टाकले आणि विचारले, "२०२० ला तुमच्यावर गुन्हा दाखल आहे, तो सांगितला नाही तुम्ही?"

त्याला आधी वाटले, नावाचा घोळ असेल. नावाचा घोळ नव्हता. वडिलांचे नाव, गाव, वय, सगळे जुळत होते. देशभरातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस या संगणक प्रणालीने जोडलेली आहेत. साताऱ्यातल्या ठाण्यात नोंदलेला गुन्हा पुण्यातल्या ठाण्यात दिसतो. पत्ता गावचा दिला असता काय किंवा पुण्याचा काय, ही नोंद निघालीच असती.

गुन्हा असा होता. मे २०२०, टाळेबंदीचे दिवस. परीक्षा रखडल्यामुळे अर्जदार गावी होता. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून दोन मित्रांसह एकाच मोटारसायकलवर तालुक्याला निघाला. नाक्यावर पोलिसांनी अडवले. गाडी जमा केली, तिघांची आधार कार्डे घेतली, काही कागदांवर सह्या घेतल्या. दोन दिवसांनी ट्रिपल सीटचा दंड भरून गाडी सोडवून आणली. पावती हातात आली. तिघांच्या लेखी विषय तिथे संपला होता.

ती पावती मोटार वाहन कायद्याखालच्या दंडाची होती. ज्या कागदावर सही केली त्यात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१अ ची नोटीस होती, म्हणजे अटक न करता चौकशीला हजर राहण्याची समज. आणि भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, सरकारी अधिकाऱ्याने रीतसर काढलेला आदेश मोडल्याबद्दल, तिघांवर स्वतंत्र गुन्हा नोंदला गेला होता. दंडाची पावती आणि गुन्ह्याची नोंद या एकाच प्रसंगातून निघालेल्या पण वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिघांपैकी एकालाही कळले नव्हते. त्या काळात नाक्यावर अडवल्या गेलेल्या किती तरुणांना कळले असेल, असा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

पोलिसांचा अहवाल 'प्रतिकूल' म्हणून गेला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाचे पत्र आले: तुमच्याविरुद्ध फौजदारी प्रकरण असल्याचे कळले आहे, अर्जात माहिती का दिली नाही याचा ठराविक मुदतीत खुलासा करा.

आधी नेमके काय आहे ते शोधले

त्या संध्याकाळी अर्जदार माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "सर, मी क्रिमिनल आहे का?" हा त्याचा पहिला प्रश्न. कोविडच्या दोन्ही लाटांत पीपीई किट घालून बारा बारा तास उभा राहिलेला हा मुलगा. मी त्याला आधी चहा दिला.

उपायांची चर्चा लगेच सुरू करायची नाही, एवढे त्या दिवशी ठरवले. आधी खटला कोणत्या टप्प्यावर आहे ते बघायचे. कारण गुन्हा फक्त नोंदलेला असणे आणि न्यायालयाने त्याची दखल घेतलेली असणे यात मोठा फरक आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात पासपोर्टपुरते हेच सांगितले आहे: नुसता एफआयआर आहे, तपास चालू आहे, एवढ्याने 'न्यायालयात खटला प्रलंबित' होत नाही, दोषारोपपत्र जाऊन न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते. आपले प्रकरण एफआयआरवरच थांबलेले असेल तर अर्जातले 'नाही' हे उत्तर अक्षरशः खरे ठरणार होते.

पोलिसांच्या संकेतस्थळावरून एफआयआरची प्रत मिळाली. फार संवेदनशील नसलेले एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, त्याचा इथे उपयोग झाला. मग ई-कोर्ट्सच्या ॲपवर तालुक्याचे न्यायालय, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकले. खटला समोर आला. दोषारोपपत्र २०२१ मध्येच दाखल झाले होते. समन्स निघाले होते. तारखा पडत होत्या.

म्हणजे परिपत्रकाचा आधार गेला. खटला खरोखर प्रलंबित होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन एका स्थानिक वकिलांना भेटलो. त्यांनी फाइल तपासली आणि एक गोष्ट सापडली. अर्जदाराच्या नावचे समन्स बजावले गेलेच नव्हते. 'सदर इसम कामानिमित्त पुणे येथे असून मिळून आला नाही' असा शेरा मारून ते परत आले होते. घरच्यांपर्यंत कागद पोहोचला नव्हता. वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे नकलेचा अर्ज दिला: एफआयआर, दोषारोपपत्र, रोजनामा आणि हा समन्सचा अहवाल, सगळ्यांच्या प्रमाणित प्रती. समन्सच्या अहवालाची प्रत घेण्याचे मला सुचले नसते. पासपोर्ट कार्यालयाला "मला माहीत नव्हते" असे सांगायचे, तर ते आपल्या तोंडच्या शब्दापेक्षा न्यायालयाच्या कागदाने सांगितलेले बरे, हे त्यांनी ओळखले.

समोर असलेले मार्ग

पुढचे चार दिवस वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळे सल्ले दिले. प्रत्येक सल्ल्यामागे त्याचे भले व्हावे हीच इच्छा होती, एक सोडून.

तो एक एजंटचा. पुण्यातल्या एकाने सांगितले की अहवाल 'क्लिअर' करून आणतो, खर्च येईल. अर्जदाराने तिथेच नाही म्हटले. नोंद सीसीटीएनएसमध्ये आणि खटला न्यायालयात असताना अहवाल बदलून घेतला, तरी मागचे सगळे जागच्या जागी राहते. शिवाय आजवर त्याच्या हातून घडलेली चूक अजाणतेपणाची होती, यापुढची तशी राहिली नसती.

दुसरा सल्ला मामांचा, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी माझाही कल तिकडेच होता. तारखेला हजर राहायचे, गुन्हा कबूल करायचा, न्यायाधीश जो काही दंड करतील तो भरायचा आणि मोकळे व्हायचे. कलम १८८ ला साधारणपणे एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, आणि आदेश मोडल्याने लोकांच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका होत असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती. बहुतेक वेळा दंडावर भागते. एका तारखेत काम. आठवडाभरात पासपोर्ट कार्यालयाला 'खटला निकाली' असे दाखवता आले असते.

वकीलसाहेबांनी एकच प्रश्न विचारला: "व्हिसाच्या फॉर्ममध्ये काय विचारतात?"

फॉर्म उघडला. कोणत्याही देशात कधी शिक्षा झाली आहे का, हा प्रश्न तिथे होता. गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. रक्कम २०० रुपये असो की १०००, उत्तर 'हो' असेच. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करतानाही शिक्षा जाहीर करावी लागते. ती लपवली आणि नंतर उघड झाली तर फसवणुकीच्या कारणाने व्हिसा नाकारतात आणि १० वर्षांपर्यंत पुढचे अर्ज अडचणीत येतात. हे एकदाच होत नाही. पुढे कुटुंबाला न्यायचे असेल, व्हिसा वाढवायचा असेल, दुसऱ्या देशात जायचे असेल, प्रत्येक फॉर्ममध्ये हा प्रश्न पुन्हा येतो. प्रलंबित खटला आज अडचण करतो, पण तो संपू शकतो. दोषसिद्धी आयुष्यभर सोबत राहते. आठवड्याभराच्या सुटकेसाठी पंचवीस वर्षांच्या मुलाने हे ओझे का घ्यावे?

तिसरा मार्ग उच्च न्यायालयाचा. गुन्हा रद्द करण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली अर्ज. आधार भक्कम होता. कलम १९५ प्रमाणे १८८ च्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला संबंधित सरकारी अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच घेता येते, आणि या फाइलमध्ये तशी तक्रार नव्हती, नुसते पोलिसांचे दोषारोपपत्र होते. पण त्यासाठी मुंबई गाठावी लागणार होती, खर्च मोठा होता आणि सुनावणी केव्हा लागेल याचा अंदाज बांधता येत नव्हता. (कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम २०२५ च्या ऑगस्टात सुरू झाले. साताऱ्याच्या माणसाला आज मुंबईला जावे लागत नाही, पण ही गोष्ट २०२३ ची.)

चौथा मार्ग, न्यायालयाकडून परदेशी जाण्याची परवानगी घेऊन खटला प्रलंबित असल्याचा उल्लेख असलेली पीसीसी मागायची. कायद्याने शक्य, पण रुग्णालयाला ती कितपत चालेल याची खात्री नव्हती.

पाचवा मार्ग वकीलसाहेबांनी सुचवला. टाळेबंदीत कलम १८८ खाली नोंदलेले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केला होता. अर्जदाराच्या प्रकरणात ना मारहाण होती, ना नासधूस, ना दुसरे एखादे कलम. निर्णयात ते चपखल बसत होते. पण सरकारने निर्णय जाहीर केला म्हणजे खटला आपोआप संपत नाही. कलम ३२१ प्रमाणे सरकारी वकिलाला त्या त्या न्यायालयात अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. या तालुक्यात याद्या तयार झाल्या होत्या, अर्ज व्हायचे होते.

या कलमातली एक बारीक गोष्ट निर्णायक ठरली. आरोप निश्चित होण्यापूर्वी खटला मागे घेतला तर आरोपी नुसता मुक्त होतो. आरोप निश्चित झाल्यानंतर, किंवा ज्या खटल्यात आरोप निश्चित करण्याची गरजच नसते अशात, मागे घेतला तर त्याची निर्दोष मुक्तता होते. १८८ चा खटला समन्स खटल्यांत मोडतो, तिथे औपचारिक आरोप ठेवावा लागत नाही. म्हणजे इथे मिळणारा निकाल 'निर्दोष' असा असणार होता. मामांना हे समजावून सांगितल्यावर तेही गप्प झाले.

काय केले

ठरले ते असे: तालुक्याच्या न्यायालयात हजर व्हायचे, गुन्हा कबूल करायचा नाही, सरकारी वकिलांकडे खटला मागे घेण्याचा पाठपुरावा करायचा, आणि तोवर पासपोर्ट कार्यालय व रुग्णालय या दोघांनाही सगळे खरे सांगायचे. उच्च न्यायालयाचा मार्ग ऑगस्टपर्यंत राखून ठेवायचा.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अर्जदार न्यायालयात स्वतःहून हजर झाला. गुन्हा जामीनपात्र होता, जातमुचलक्यावर काम भागले. न्यायाधीशांनी गुन्हा कबूल आहे का असे विचारले. त्याने "नाही" म्हटले. नंतर तो मला म्हणाला की आपण खोटे बोललो की काय असे त्याला वाटत होते, कारण गाडीवर तर तो होताच. यावर वकीलसाहेबांचे उत्तर मला पटले. गाडीवर होतो हे नाकारलेले नाही. आईच्या औषधासाठी जाणे हा गुन्हा होतो का, आणि तो रीतसर दाखल झाला आहे का, हे न्यायालयाने ठरवायचे असते.

पासपोर्ट कार्यालयाला मुदतीत खुलासा गेला. दीड पान. घटना काय, खटला कोणत्या न्यायालयात, क्रमांक काय, पुढची तारीख कोणती. अर्ज भरताना खटल्याची माहिती नव्हती, समन्स न बजावता परत आल्याची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. खटला मागे घेण्याची प्रक्रिया चालू आहे, निकाल लागताच प्रत सादर करतो, तोवर अर्ज बंद करू नये ही विनंती. माफीनामा लिहिण्याचा मोह त्याला होत होता. मी तो मजकूर काढायला लावला. वस्तुस्थिती पुरेशी होती.

खरी परीक्षा रुग्णालयाला लिहिण्याची होती. भरती करणाऱ्या मध्यस्थ कंपनीतल्या बाईंचे म्हणणे, सांगू नका, पीसीसीला 'टेक्निकल' उशीर होतोय असे कळवा. अर्जदार दोन रात्री झोपला नाही. इथे हिशेब व्हिसाच्या मुदतींचाही होता. रुग्णालय जे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देते ते दिल्यापासून तीन महिन्यांतच वापरावे लागते. ते एप्रिलमध्ये निघणार होते. न सांगता गप्प राहिलो आणि ते निघून वाया गेले, तर रुग्णालयाचे नुकसान, आणि का वाया गेले याचे उत्तर तेव्हा द्यावेच लागणार. त्याने शेवटी सगळे लिहून कळवले, एफआयआरच्या इंग्रजी भाषांतरासह, आणि सर्टिफिकेट इतक्यात काढू नका अशी विनंती केली.

पाच दिवसांनी उत्तर आले. आधी कळवल्याबद्दल आभार, जागा राखून ठेवतो, पण एप्रिलच्या तुकडीत घेता येणार नाही, सप्टेंबरच्या तुकडीत बघू. ते वाचताना तो रडला, आणि तुकडी हुकल्याचे दुःख त्यात फार थोडे होते.

मग वाट बघण्याचा काळ. एप्रिलमध्ये दोन तारखा नुसत्या पडल्या. मे महिन्यात न्यायालयाला उन्हाळी सुटी. या काळात अर्जदाराने एक काम चिकाटीने केले. दर पंधरा दिवसांनी रात्रपाळी संपवून पहाटेच्या एसटीने तालुक्याला जायचे, ठाण्यात आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयात आपले प्रकरण यादीत कुठे आहे ते नम्रपणे विचारायचे. चौथ्या खेपेला कळले की ठाण्याने पाठवलेल्या यादीत गुन्हा क्रमांक चुकीचा पडला होता. दुरुस्तीचे पत्र गेले. हे कुणी मुद्दाम केलेले नव्हते. शेकडो प्रकरणांची यादी हाताने करताना असे होते. पण तो गेला नसता तर ती चूक कुणाच्याच लक्षात आली नसती.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी वकिलांनी अर्ज दिला, न्यायालयाने संमती दिली आणि तिन्ही आरोपींची निर्दोष मुक्तता झाली.

निष्पत्ती

निकाल लागला तरी नोंद तशीच होती. सीसीटीएनएसमध्ये प्रकरण 'न्यायप्रविष्ट' दिसत होते. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन अर्जदार आधी गुन्हा नोंदलेल्या ठाण्यात गेला आणि नोंद अद्ययावत करण्याचा अर्ज देऊन पोच घेतली. मग पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयात प्रत दिली. तिथून पुन्हा पडताळणी निघाली, तेच हवालदार, या वेळी हसून म्हणाले, "झालं का मिटलं?" जुलैच्या अखेरीस पीसीसी हातात आली. त्यावर कोणताही प्रतिकूल उल्लेख नव्हता.

क्षयरोगाची तपासणी त्याने फेब्रुवारीतच उरकून घेतली होती. तो दाखला सहा महिने चालतो. ऑगस्टमध्ये व्हिसाचा अर्ज करेपर्यंत त्याची मुदत संपली आणि पुन्हा पैसे भरून तपासणी करावी लागली. ओईटीचा निकाल दोन वर्षे चालतो, तो सुदैवाने मुदतीत होता. व्हिसाच्या फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न शब्द न् शब्द वाचून उत्तरे दिली आणि निकालाची प्रत स्वतःहून जोडली. सप्टेंबरच्या तुकडीत तो गेला.

हिशेब मांडला तर पाच महिने, वकिलांची फी, एसटीच्या फेऱ्या, दुसऱ्यांदा केलेली तपासणी आणि पुण्यातल्या रुग्णालयातल्या बुडालेल्या रजा एवढा खर्च झाला. एप्रिलच्या तुकडीत त्याची जी मैत्रीण गेली ती तोवर तिथली प्रात्यक्षिक परीक्षा पास होऊन बँड ५ वर, म्हणजे नोंदणीकृत नर्सच्या वेतनश्रेणीत, कामाला लागली होती. हे नुकसान भरून येणारे नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठी चूक माझ्या बाजूची मानतो. खटल्याच्या प्रश्नापाशी मी त्याला थांबवून विचारायला हवे होते, आणि तेही 'तुझ्यावर केस आहे का?' असे नव्हे. त्याला तर प्रत्येकजण नाहीच म्हणतो. आता मी असे विचारतो: पोलिसांनी कधी गाडी अडवून आधार कार्ड घेतले होते का? मोर्चात, मिरवणुकीत, कॉलेजच्या भांडणात, शेताच्या बांधावरच्या वादात कधी नाव लिहून घेतले होते का? न वाचता कशावर सही केली होती का? या प्रश्नांवर माणसे थबकतात आणि मग आठवते. उत्तर 'हो' आले, तर अर्ज भरण्याआधी ई-कोर्ट्सवर नाव आणि जिल्हा टाकून बघतो. याला अर्धा तास लागतो. अर्जदाराच्या बाबतीत हा अर्धा तास ओईटीच्या निकालानंतर लगेच दिला असता तर मधले दोन महिने वाचले असते आणि 'माहिती का दिली नाही' या पत्राची वेळच आली नसती.

क्षयरोग तपासणीसारखी मुदतीची कामे पीसीसी हातात पडल्यावर करायला हवी होती. उत्साहाच्या भरात मुले सगळे एकाच आठवड्यात उरकतात.

एका निर्णयाबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. उच्च न्यायालयाचा मार्ग आम्ही राखून ठेवला, पण यादीतली चूक मे महिन्यात सापडली नसती तर ऑगस्ट उजाडला असता आणि तेव्हा फार उशीर झाला असता. एप्रिलमध्येच दोन्ही मार्ग समांतर चालवायला हवे होते का? पैसे असते तर हो. त्याच्याकडे नव्हते. वकीलसाहेबांनी तालुक्याचे काम अगदी नाममात्र फीवर केले, मुंबईचे तसे झाले नसते.

आणि ज्याच्यावर हीच वेळ आज येईल त्याने कलमांचे आकडे नव्याने तपासून घ्यावेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत. ४८२ च्या जागी आता ५२८ आहे. २०२० चा गुन्हा मात्र जुन्या दंड संहितेतलाच राहतो.

त्याच गाडीवरच्या दोन मित्रांपैकी एक पोलीस भरतीची तयारी करत होता. मैदानी चाचणीसाठी पहाटे गावच्या रस्त्यावर धावायचा. चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा निघाला असता हे त्याला अर्जदाराच्या फोनमुळे मार्चमध्ये कळले, आणि जूनच्या त्या तारखेला तोही न्यायालयात हजर होता. निकालाच्या नकलेचा अर्ज करताना अर्जदाराने तीन प्रती मागितल्या होत्या. दोन त्याने संध्याकाळच्या एसटीने गावात नेऊन दिल्या.